तळ्याकडे पाठ केलेले घर

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावे याबद्दल आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही. कोणी म्हणतात तीर्थयात्रा करा, कोणी म्हणतात पुस्तक लिहा, कोणी म्हणतात मुलाकडे बंगळुरूला जाऊन राहा. मी एकच गोष्ट ठरवली होती. पणजीतला भाड्याचा फ्लॅट सोडायचा आणि एखाद्या तळ्याजवळ लहानसे घर घ्यायचे. दोन खोल्या, पुढे सोपा, मागे चार माड. मी काही फार मागत होतो असे मला तरी वाटत नव्हते. सदतीस वर्षे मास्तरकी करून हातात आलेले सगळे पैसे एकत्र केले तेव्हा ते पंचेचाळीस लाखांच्या आसपास भरले. गोव्यात तळी पुष्कळ, घरे पुष्कळ. म्हटले, कुठेतरी जमेलच.

निवृत्तीच्या आधीपासून धरून दीड वर्ष हिंडलो. त्या हिंडण्यात जे समजले ते आज लिहितो आहे. घर शोधणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल की नाही सांगता येत नाही, पण ज्यांच्या गावात तळे आहे त्यांनी हे जरूर वाचावे.

आधी माझ्या हट्टाचे मूळ सांगतो. माझा जन्म तळ्याजवळच्या घरातला. घर आमचे नव्हते. आम्ही मुंडकार. जमीन भाटकाराची, तिच्यावर आमचे मातीच्या भिंतींचे, नळ्यांचे घर. बदल्यात आजोबा माड राखायचे, सणासुदीला भाटकाराच्या घरी कामाला जायचे. तळे घरापासून शंभर पावलांवर, उताराच्या खाली. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ती माणसे अजून तिथेच राहतात.

१९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला. राहत्या घरातून मुंडकाराला हुसकावता येणार नाही, आणि खेडेगावात असेल तर घराखालची आणि भोवतालची ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा त्याला ठरलेल्या किमतीत विकत घेता येईल, अशी त्यात सोय होती. त्यासाठी मामलेदाराकडे अर्ज करायचा. आमच्या वाड्यातल्या काहींनी केला. वडिलांनी केला नाही. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, कायदा वाचू शकत होते. पण "भाटकाराकडेन झगडें नाका," हे आजोबांचे वाक्य त्यांच्या अंगात मुरलेले होते. १९८३ साली भाटकाराने थोडे पैसे देऊ केले, वडिलांनी एका कागदावर सही केली आणि आम्ही पणजीला भाड्याच्या खोलीत आलो. मी तेव्हा अठरा वर्षांचा. मला तर शहरात जायचा आनंदच झाला होता. तीनशे चौरस मीटर म्हणजे काय हे कळायला मला पुढची चाळीस वर्षे लागली.

तर घर शोधताना सुरुवात अर्थातच त्या गावापासून केली. भाटकाराच्या वारसांनी ते भाट केव्हाच विकले होते. आमच्या घराच्या जागी आता फाटक आहे, फाटकाशी पहारेकरी आहे आणि आत एकाच साच्यातून काढल्यासारखे नऊ बंगले आहेत. दाखवायला आलेला तरुण गोवेकरच होता, मोठा गोड बोलायचा. वरच्या मजल्यावरची काच सरकवून म्हणाला, "सर, पळयात. सकाळीं जनेल उगडलें काय तळें!"

खरेच तळे होते. मी किंमत विचारली. साडेतीन कोटी. बंगल्याखालची जमीन किती म्हणून विचारले, तर म्हणाला, "साधारण तीनशे मीटर." मला हसू आले. त्याला वाटले, म्हाताऱ्याला सौदा आवडला.

त्या नऊपैकी सात बंगले वर्षातले अकरा महिने बंद असतात, असे पहारेकऱ्याने सांगितले. तो स्वतः झारखंडचा. फाटकामागच्या पत्र्याच्या खोलीत राहतो. म्हणजे आज त्या जागी तळ्याजवळ बारमाही राहणारा माणूस कोण, तर तो. त्याचेही घर तिथे नाही.

बाहेर पडून वाड्यावर गेलो. आमच्या शेजारची काकी अजून आहे, नव्वदीच्या घरातली. तिच्या सासऱ्यांनी मामलेदाराकडे अर्ज केला होता, म्हणून तिचे घर राहिले. मी तिला बंगल्याची आणि खिडकीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "तळें पळोवंक कोण घर बांदता रे पुता?"

मी तिच्या घराकडे नीट पाहिले. खरेच की. तिच्या घराची एकही खिडकी तळ्याकडे नाही. आमच्याही घराची नव्हती. घराचे तोंड वाटेकडे, तुळशीकडे. तळ्याकडे पाठ. तिकडून डास यायचे, पावसात ओल यायची, मिरगात वारा नळे उडवायचा. तळे दिसावे म्हणून तिथे कोणी राहत नव्हते. तळ्याच्या पाण्यावर खालचे वायंगण पिकायचे, त्या पाण्यात म्हशी धुवायच्या, उन्हाळ्यात पाणी आटले की मासे मिळायचे, म्हणून लोक तिथे राहत होते. तळे हे कामाचे ठिकाण होते. कामाच्या ठिकाणाजवळची जागा महाग नसते. गिरणीजवळच्या चाळीला कधी कोणी भारी भाडे दिले आहे का?

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. तळे कामाचे होते तोवर त्याच्याजवळचे घर गरिबाचे होते. तळे देखाव्याचे झाले त्या दिवशी ते घर गरिबाच्या हातून गेले. यात कोणा एका बिल्डरला शिव्या देऊन भागणार नाही. आपण तळ्याचे काम सोडले, मग उरला तो देखावा, आणि देखाव्याचा लिलाव जो जास्त बोली लावील त्याच्या नावे होतो.

करमळीचे तळे पुष्कळांनी पाहिले असेल. कोकण रेल्वेने आलात तर स्टेशनाजवळच आहे. हिवाळ्यात तिथे अडई बदकांचे थवे उतरतात, जांभळ्या पाणकोंबड्या कमळांच्या पानांवरून चालतात, दुर्बिणी घेतलेले लोक सकाळपासून बांधावर उभे असतात. पण ते तळे पक्ष्यांसाठी खोदलेले नाही. सत्तर हेक्टरांच्या आसपासचा तो पाणसाठा माणसांनी भातासाठी केला. डोंगरावरचे पाणी अडवायचे, बांध घालायचा, आणि पावसाळा संपल्यावर तेच पाणी बेताबेताने शेतांना सोडायचे. ही सगळी व्यवस्था गावकारीची. पोर्तुगीज आले तेव्हा ती आधीपासून होती. १५२६ साली त्यांनी तिचे रीतिरिवाज फोरालात लिहून काढले आणि पुढे तिला कोमुनिदाद हे नाव पडले. करमळीच्या ब्रह्मदेवाला सोळाव्या शतकात गाव सोडून सत्तरीत जावे लागले. तिथले गाव आज ब्रह्मकरमळी म्हणून ओळखले जाते. देवाने घर बदलले, पण तळे आणि बांध मागे राहिलेल्यांनी सांभाळले, कारण भात पिकवल्याशिवाय कोणाचेच चालणार नव्हते.

गावकारीचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. गावकारपण बापाकडून मुलाकडे जायचे, बायकांना त्यात जागा नव्हती, आणि चिखलात उभे राहून बांध घालणाऱ्या पुष्कळांना त्या मिळकतीत वाटा नव्हता. आम्ही मुंडकार तर त्या हिशेबात कुठेच नव्हतो. पण एक गोष्ट तिच्यात होती. जमीन गावाची, ती विकायची नाही. ज्याला गरज त्याला वर्षाचा फोर ठरवून लावून द्यायची. घर बांधायला अशी जागा देण्याची तरतूद कोमुनिदादच्या १९६१ च्या संहितेतही आहे. आफ्रामेंत म्हणतात तिला. स्वस्त घराची योजना काढायला आपल्याला परदेशातून तज्ज्ञ आणण्याची गरज नाही, ती आपल्याच कपाटात आहे. तिचे पुढे काय झाले, कोणाला जागा मिळाल्या आणि कोणी नुसतीच बळकावली, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. २०२५ साली विधानसभेने कोमुनिदादच्या जमिनींवरची जुनी अनधिकृत घरे नियमित करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली. घर वाचलेल्याला आनंद झाला असेल, मला त्याचे वाईट वाटत नाही. पण रांगेत उभे राहून अर्ज करणाऱ्याने वाट पाहायची आणि न विचारता बांधणाऱ्याला घर मिळायचे, यातून गावाने काय शिकायचे?

करमळीहून पुढे मयेला गेलो. मयेचे तळे सहलीच्या बसमधून सगळ्या गोव्याने पाहिले आहे. होड्या आहेत, पर्यटन महामंडळाची राहण्याची सोय आहे. तळ्याभोवतीच्या गावाची कथा मात्र सहलीच्या माहितीपत्रकात नसते. हे जवळजवळ सगळे गाव एका पोर्तुगीजकालीन जहागिरीत होते. १९६१ साली गोवा मुक्त झाला, मालक पोर्तुगालला गेले, आणि १९६४ च्या कायद्याने ती जमीन देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात आली. म्हणजे पिढ्यानपिढ्या तिथे राहणारे लोक आपल्याच घरात परक्यांच्या जमिनीवर. घर दुरुस्त करायचे तर परवानगी, कर्ज काढायचे तर कागद नाहीत. गोवा मुक्त झाला, मये कधी होणार, असे तिथले लोक विचारत राहिले. शेवटी २०१४ साली जहागिरीची मालकी रद्द करणारा कायदा विधानसभेने केला आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने सनदा मिळू लागल्या. त्रेपन्न वर्षे!

मयेत मी घर पाहायला गेलो होतो, पण विकत मागायची जीभ रेटेना. ज्यांना इतक्या वर्षांनी कागद मिळाला किंवा मिळायचा आहे, त्यांच्या दारात जाऊन "विकता का?" म्हणून कसे विचारायचे? माझ्या आधी विचारणारे येऊन गेले होतेच. एका गृहस्थांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "मास्तर, आता खरी परीक्षा. आजवर विकता येत नव्हते म्हणून गाव राहिले." त्यांना मुंडकारांची आणि माझ्या वडिलांची कथा सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता सांगतो ती गोष्ट माझ्या बाजूची नाही, तरी सांगायला हवी. शेवटी मला परवडणारी जागा मिळाली. एका तळ्याच्या बांधाखाली, रस्त्याला लागून चारशे मीटर, मागणी बावीस लाख. उरलेल्या पैशात घर उभे राहिले असते. दलालाने सकाळी दाखवली. बगळे बसले होते. मी मनातल्या मनात सोप्याची जागाही ठरवली.

एक-चौदाचा उतारा मागवला. त्यात कुळाच्या रकान्यात एक नाव होते आणि पिकाच्या रकान्यात भात. कुळाची शेतजमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरायची नाही, असा १९९१ चा कायदा आहे. मी दलालाला दाखवले. तो म्हणाला, "सर, सगळे करतात. भर घालून ठेवू, दोन वर्षांनी कोण विचारतो? झोन बदलून मिळतो."

खोटे कशाला सांगू, मी घरी येऊन दोन रात्री विचार केला. बायकोलाही लगेच सांगितले नाही. मन म्हणत होते, बंगलेवाले डोंगर कापतात, तर एका मास्तराच्या चारशे मीटरने काय होणार? पण ती जागा स्वस्त का होती? ती तळ्याचे पाणी जाण्याची वाट होती म्हणून. तिथे भर घातली की बांधावरून सुटलेले पाणी शेजारच्या शेतात साठणार, त्याचे वायंगण कुजणार, तोही कंटाळून विकणार. दहा वर्षांत खाली शेत नाही. शेत नाही तर बांध कोण घालणार, गाळ कोण काढणार? आणि मग माझ्या सोप्यावरून दिसायला तळे तरी कुठे उरणार?

तिसऱ्या दिवशी दलालाला नाही म्हणून कळवले. याच सुमारास हैदराबादेतल्या मावसभावाशी फोनवर बोललो. त्यांचे घराणे निजामाच्या काळापासून तिथे आहे. तो म्हणाला, "बरे केलेस. आमच्याकडे बघितलेस ना?" तिथे २०२४ साली तळी वाचवण्यासाठी ‘हायड्रा’ ही सरकारी यंत्रणा निघाली आणि तळ्यांच्या पूर्ण पातळीच्या आत बांधलेल्या इमारती पाडायला सुरुवात झाली. बड्यांची बांधकामे पडली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग साध्या लोकांची घरे पडू लागली. आमच्याकडे परवाना आहे, बँकेचे कर्ज आहे, असे सांगत माणसे रस्त्यावर बसली. तळ्याच्या पोटातले स्वस्त घर हे असे असते. विकणारा पैसे घेऊन जातो, परवाना देणारा बदलून जातो आणि मागे राहतो तो हप्ते भरणारा.

म्हणून पाणथळ जागांच्या अधिसूचना निघतात तेव्हा "आम्ही घरे कुठे बांधायची?" असा जो ओरडा होतो, त्यात मी आता सामील होत नाही. कुडचड्याची नंदा तळी २०२२ साली रामसर यादीत गेली. गोव्यातली ती पहिली. चांगले झाले. काठ मोकळा राहावा, खालचे शेत शेतच राहावे. पण प्रश्न विचारणाऱ्या गावकऱ्याला नुसते "बांधू नका" एवढे सांगून सरकारला आणि पर्यावरणवाल्यांना हात झटकता येणार नाहीत. त्याच्या मुलाने कुठे राहायचे याचे उत्तर त्याच वेळी द्यायला हवे. नाहीतर तो मुलगा जाणार पर्वरीच्या भाड्याच्या खोलीत, जसा मी पणजीला गेलो, आणि काठ मोकळा राहील तो फक्त फाटकातल्या नऊ बंगल्यांसाठी.

माझ्या मते उत्तर गावातच आहे, आणि त्याला कुलूप लागलेले आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातले साधारण पाचातले एक घर रिकामे निघाले. कोणत्याही जुन्या वाड्यावर चालत जा आणि मोजा. एक भाऊ लिस्बनला, एक मुंबईत, बहीण स्विंडनला, आणि आपल्या नागरी कायद्याप्रमाणे वाटा सगळ्यांना. तो कायदा मला प्रिय आहे, मुलीला तिचा वाटा देणारा आहे. पण इन्व्हेंतार होत नाही, सह्या जमत नाहीत आणि तोवर वासे वाळवी खाते. भाड्याने द्यावे तर भाडेकरू निघणार नाही ही धास्ती. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या गोष्टी सांगून सांगून आपण ती धास्ती तीन पिढ्या पोसली आहे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. तळ्याचा काठ आणि बांधाखालची शेते यांना हात लावायचा नाही. घर हवे त्याला जुन्या वाड्यातली बंद घरे दीर्घ मुदतीच्या कराराने मिळावीत. त्या कराराला पंचायतीची आणि सरकारची हमी असावी, म्हणजे मालकाला घर जाण्याची आणि राहणाऱ्याला रस्त्यावर येण्याची भीती नको. आणि जिथे कोमुनिदादची उंचावरची, खरीखुरी घरवस्तीची जागा शिल्लक आहे, तिथे ती आधी त्यांना मिळावी जे आजही तळ्याच्या पाण्यावर शेती करतात. माझ्यासारखा पेन्शनर त्यानंतर. बंगलेवाले तर रांगेतच नकोत, त्यांना बाजार मोकळा आहे.

हे सगळे सांगायचा मला अधिकार काय? एवढाच, की मी तसे करून पाहिले. काकीच्या ओळखीने वाड्यावरचे एक बंद घर मिळाले. मालक चौघे भावंडे, एकजण इथे, तीन बाहेर. चौघांची लेखी संमती यायला सात महिने लागले. अकरा वर्षांचा करार, भाडे नाममात्र, पण छप्पर आणि विहीर मी दुरुस्त करायची. नळे, वासे, भिंतींचा गिलावा आणि वीज मिळून नऊ लाख गेले. घर माझ्या मालकीचे नाही. म्हणजे आजोबांप्रमाणे मीही दुसऱ्याच्याच जागेत. पण या खेपेला कागद आहे, आणि त्यावरच्या सहीचा अर्थ मला कळतो.

घरातून तळे दिसत नाही. सोपा वाटेकडे आहे. पावसाळ्यात रात्रभर बेडूक ओरडतात आणि डासांची तर विचारू नका. गेल्या मे महिन्यात तळ्याच्या तोंडाशी साचलेला गाळ काढायला वाड्यातले चौदाजण उतरले, त्यात मी पंधरावा. गुडघ्याएवढ्या चिखलात तासभर उभा राहिलो आणि दोन दिवस अंग धरले होते. काकी दारातून पाहून हसत होती.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांची गावाकडे अशी घरे असतील. भावंडांशी एकदा फोनवर बोलून घ्या. विकायचे की नाही ते नंतर ठरवा, पण आधी कुलूप काढून कोणालातरी राहायला द्या. नळे अजून शाबूत आहेत तोवर.